दोन-चारचा हात

आमचे अण्णा कासार. सातरस्त्याला दुकान, रुंदी चार फूट.
गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे त्यांनी कधी पाहिलं नसेल.
हात घ्यायचे, अंगठा तळव्यात मिटवायचे,
खालची हाडं एकदा दाबून बघायचे
आणि मान न वळवता फडताळातून माप काढायचे.
दोन-चार. दोन-सहा. मावशी, तुमचं दोन-आठ झालं की हो.
हात सैल सोडा, म्हणायचे,
आखडलात तर काच ऐकत नाही.

वरळीच्या रेंजवर, माझ्या एकोणिसाव्या वर्षी,
घोसाळकर मास्तरांनी टेबलावर तीन पिस्तुलं मांडली.
पॉइंट टू-टू, सेमी-ऑटोमॅटिक,
तिन्ही रिकामी, तिन्हींच्या नळीतून पिवळी दोरी बाहेर.
पहिलं असोसिएशनचं, जर्मन, काळंभोर,
गेल्या साली त्यावर कुण्या साताऱ्याच्या मुलीनं पदक मारलेलं.
मला तेच हवं होतं.
साडीच्या दुकानात पुतळ्याच्या अंगावरचीच हवी असते, तसं.

धर, म्हणाले मास्तर. धरलं.
डोळे मीट. हात उचल. आता उघड.
उघडले, तर पुढची माशी मागच्या खाचेतून निसटून
पार डावीकडे, समुद्राकडे तोंड करून बसलेली.
चापावर बोटाचं नुसतं टोक पोचत होतं,
पेराची गादी नाही.

तरी हट्टानं तीन आठवडे तेच चालवलं.
सात, आठ, सात, सहा, सगळे डावीकडे,
तिकडून कुणी हाका मारत असल्यासारखे.
मनगट सुजलं. आई म्हणाली, शेकून घे.
मास्तर काहीच म्हणाले नाहीत.
नायगावच्या शस्त्रागारात एकतीस वर्षं काढलेला माणूस,
हवालदारांची नावं विसरायचा, हात नाही.

दुसऱ्याची मूठ इतकी बारीक
की माझी बोटं फिरून माझ्याच तळव्यात रुतायची.

तिसरं मला आवडलंच नाही.
जुनं, इटालियन, नळीवर ओरखडा,
अक्रोडाची मूठ आधीच्या कुणाच्या घामानं काळी पडलेली.
पण अंगठ्यामागची बेचकी वरपर्यंत जाऊन बसली,
तिथे आधीच जागा धरून ठेवल्यासारखी.
डोळे मिटले, हात उचलला, उघडले.
माशी खाचेत. म्हणजे जवळजवळ. केसभर डावीकडे.

लाकूड आहे, मास्तर म्हणाले, लाकूड ऐकतं.

पिस्तूल रेंजच्या कपाटात राहिलं, कुलपात.
दोन स्क्रू काढून मूठ तेवढी त्यांनी हातावर ठेवली
आणि मी ती डब्याच्या पिशवीतून सातरस्त्याला आणली.
अण्णांनी चष्मा पुसला.
मूठ माझ्या हातात दिली, वरून त्यांचा हात,
अंगठ्याखालचं हाड दाबलं, करंगळीपाशी थांबले.
"कुणा दोन-आठवाल्याचं आहे हे. तुझा दोन-चार."
मग नखानं लाकडावर एक रेघ ओढली.
"इथे काढायचं. इथे हात लावायचा नाही."
वर काय बसतं यावर, त्यांनी विचारलं.
लोखंड, म्हटलं.
हं, म्हणाले, आणि थोड्या वेळानं,
"तरी धरताना हात सैल सोड."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ती रेघ खूप वेळ पाहिली,
कुणाची ते विचारलं नाही. कानस घेतली.
वर्तमानपत्रावर भुसा पडत राहिला, तपकिरी, बारीक.
"दोन मिलिमीटर कमी केलं," म्हणाले.
आमच्या दुकानात फुटली म्हणायची बंदी,
बांगडी वाढवली म्हणायचं.
"वाढवलं," मी म्हटलं. मास्तर हसले की नाही, कळलं नाही.

पहिली गोळी नऊ. डावीकडेच, पण नऊ.
रिकामं केस उजवीकडे उडालं,
सिमेंटवर टणकन वाजलं.
मनगटात काहीच नव्हतं माझ्या,
तरी मी आधी तिकडेच बघितलं.